नावाची वाटणी

भावाभावांत वाटणी करावयाची ठरली की व्यापारी कुटुंबातील शिस्त पाहण्यासारखी असते. मुनीम वह्या घेऊन बसतो. मामा किंवा समाजातील एखादे वडीलधारे गृहस्थ मध्यस्थ म्हणून येतात. दुकानाची जागा, वखार, यंत्रे, टेम्पो, शिल्लक माल, बाजारातील येणे, बँकेतील ठेवी, घरातील सोने-चांदी अशी यादी होते. वजनकाटा कोणाकडे जाईल आणि वडिलांची गादी कोणाकडे राहील, इथपर्यंत सारे ठरते. न जमल्यास चिठ्ठ्या टाकल्या जातात. मग मुद्रांकावर वाटणीपत्र होते, सह्या होतात आणि सर्व जण मिळून मंदिरात दर्शनाला जातात. वाटणी गोडीगुलाबीने झाली म्हणून नातेवाईक समाधानाने घरी परततात.

कटुता येते ती वर्षा-दोन वर्षांनी. धाकटा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे नवे दुकान उघडतो आणि त्यावर वडिलांनी चालविलेल्या जुन्याच नावाची पाटी लावतो. थोरल्याला वाटते, नाव मूळ दुकानाचे आणि मूळ दुकान आपल्या वाट्याला आलेले. धाकट्याला वाटते, नाव वडिलांनी कमावलेले आणि वडील दोघांचेही. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. वाटणीपत्र बाहेर काढून ओळ न् ओळ वाचली जाते, आणि वजनकाट्याचा उल्लेख असलेल्या त्या कागदात दुकानाच्या नावाविषयी एक अक्षरही सापडत नाही.

ही चूक निष्काळजीपणातून होत नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. तिचे मूळ हिशेब लिहिण्याच्या पद्धतीत आहे. वाटणीची यादी ताळेबंदावरून केली जाते, आणि ताळेबंदात स्वतः कमावलेले नाव कधीच दिसत नाही. दुसऱ्याचे दुकान नावासकट विकत घेतले, तर मोजलेली जादा रक्कम ख्याती म्हणून, म्हणजे बाजारातील भाषेत गुडविल म्हणून, मालमत्तेच्या बाजूला लिहिता येते. परंतु घरातल्या घरात तीन पिढ्यांच्या सचोटीने वाढलेल्या नावाला हिशेबशास्त्राचे नियम ताळेबंदात जागा देत नाहीत, कारण त्याची किंमत खात्रीने मोजता येत नाही. बँकेचे मूल्यांकनही मालसाठा, यंत्रे आणि जागा एवढ्यावरच थांबते. वस्तुतः शाखेतला अधिकारी कर्जाची शिफारस करताना निम्मा भरवसा त्या नावावरच ठेवीत असतो. पण प्रस्तावाच्या रकान्यांत ते लिहावयाची सोय नसते. जे ताळेबंदात नाही ते यादीत येत नाही, आणि जे यादीत नाही त्याची वाटणी होत नाही.

कायदा मात्र नावाला मालमत्ताच मानतो. जुन्या व्यापाऱ्यांचा 'छाप' किंवा 'मार्का' हा शब्द त्यासाठी अधिक बोलका आहे. घोडा छाप, कमळ छाप असे म्हणत गिऱ्हाईक ज्या खुणेवर विसंबून माल उचलते ती खूण म्हणजे ट्रेडमार्क. भारतात यासंबंधीचा पहिला स्वतंत्र कायदा १९४० मध्ये आला. आज लागू असलेला कायदा १९९९ चा असून तो २००३ च्या सप्टेंबरपासून अमलात आला. शब्द, चित्र, अक्षरांची विशिष्ट मांडणी, वेष्टन, रंगसंगती या सर्वांचा त्यात समावेश होतो. दुकानाचा गुमास्ता परवाना, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी किंवा कंपनी नोंदणी झाली म्हणजे नाव आपले झाले, अशी समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. हे कागद व्यवसाय करण्याची परवानगी किंवा ओळख देतात. मालावरील नावाचा हक्क देत नाहीत.

नावाची वाटणी किती अवघड असते हे पाहावयाचे तर हल्दीराम घराण्याचा इतिहास वाचावा. मूळ पेढी बिकानेरची. गंगाबिशन अग्रवाल, ज्यांना सारे हल्दीराम म्हणत, त्यांनी भुजियाच्या व्यवसायात नाव मिळविले. कुटुंबाची भागीदारी होती आणि १९७२ मध्ये तिने आपल्या चिन्हाच्या नोंदणीसाठी अर्जही केला. दोनच वर्षांनी, १६ नोव्हेंबर १९७४ रोजी, भागीदारी मोडली. येथे या घराण्याचे कौतुक करावयास हवे, कारण भागीदारी मोडण्याच्या दस्तऐवजात त्यांनी नावाची वाटणीही लिहून ठेवली होती. पश्चिम बंगालमध्ये ते नाव वापरण्याचा हक्क कोलकात्याच्या शाखेकडे गेला आणि उर्वरित भारतातील हक्क मूलचंद यांच्याकडे राहिला. १९८५ मध्ये मूलचंद यांचे निधन झाले आणि त्यांच्या चार मुलांकडे तो वारसा आला. त्यांपैकी शिवकिसन अग्रवाल यांनी नागपूरचा व्याप वाढविला. तो महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचा आहे. दिल्लीतल्या चांदणी चौकातील दुकान १९८३ चे.

कागद स्पष्ट होता. तरीही १९९१ च्या डिसेंबरमध्ये कोलकात्याच्या शाखेतील मंडळींनी दिल्लीच्या करोल बागेत त्याच नावाचे दुकान उघडले, आणि दिल्लीच्या पेढीला न्यायालयात जावे लागले.

पुढे जे घडले ते प्रत्येक भागीदारी पेढीने वाचण्यासारखे आहे. दावा दाखल केला त्या दिवशी दिल्लीची भागीदारी पेढी निबंधकाकडे नोंदलेली नव्हती. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या ६९ व्या कलमानुसार नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी बाहेरच्या व्यक्तीवर दावा लावता येत नाही. प्रतिवादींनी नेमके तेच बोट ठेवले. दावा चालू शकतो की नाही, एवढ्या एका प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाकडून यावयास २००० साल उजाडले. आपल्या नावाची नक्कल थांबविण्याचा हक्क करारातून येत नाही, तो कायद्याने आणि व्यापारातील लौकिकाने मिळालेला असतो, म्हणून पेढी नोंदलेली नसली तरी दावा चालेल, असे न्यायालयाने सांगितले. निकाल व्यापाऱ्यांच्या बाजूचा आणि मोलाचा आहे. पण तो मिळेपर्यंत आठ वर्षे उलटली होती, आणि मूळ तंट्याला तोवर हातही लागला नव्हता. भागीदारी पेढीची नोंदणी ही किरकोळ खर्चाची आणि अल्प श्रमाची बाब आहे. ती न करण्यामागे बहुधा आळसापलीकडे कारण नसते.

याच नावाला २०२४ च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सुप्रसिद्ध चिन्हाचा दर्जा दिला. अलीकडे नागपूर आणि दिल्ली या दोन शाखांनी आपले खाद्यव्यवसाय एकत्रही केले. वेगळे झालेले भाऊबंद पुन्हा एका छत्राखाली येऊ शकले, याचे एक कारण नाव कोणाचे हे कागदावर होते.

या प्रकरणातील खरी अडचण कोणाच्या हेतूत शोधण्यापेक्षा नावाच्या स्वभावात शोधावी. शेताला बांध घालता येतो, वाड्याच्या मधोमध भिंत उभारता येते. नावाला बांध घालता येत नाही. कोलकात्याचे पाकीट रेल्वेने दिल्लीला पोहोचते आणि तेथील गिऱ्हाइकाला ते कोणत्या भावाचे हे कळण्यास मार्ग नसतो. म्हणूनच कायद्यानेही अशा विभागणीवर बंधने घातली आहेत. एकाच चिन्हाचे हस्तांतर करताना सारख्याच मालासाठी दोघांना स्वतंत्र, अनन्य हक्क मिळतील आणि त्यातून लोकांची फसगत होण्याचा संभव असेल, तर ४० वे कलम आड येते. देशाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे मालक होत असतील, तर ४१ वे. 'सांगली तुझी, कोल्हापूर माझे' अशी घरगुती समजूत चार दिवस चालेल, परंतु रजिस्ट्रारसमोर ती तशीच टिकेल असे मानून चालू नये.

दोघांच्या नावे मिळून प्रमाणपत्र घ्यावे, हा दुसरा लोकप्रिय तोडगा. तोही अपुरा आहे. संयुक्त मालकी म्हणजे दोघांनी मिळून, एकाच व्यवसायासंबंधाने ते चिन्ह वापरावयाचे, असा कायद्याचा अर्थ आहे. एकमेकांपासून स्वतंत्रपणे वापर करणाऱ्या दोघांना संयुक्त मालक म्हणून नोंदविण्याची तरतूद कायद्यात नाही. प्रमाणपत्रावर दोन भावांची नावे आणि बाजारात दोन वेगळ्या चुली, ही स्थिती म्हणजे पुढील पिढीसाठी राखून ठेवलेला दावा होय.

मग करावे काय? एक मार्ग किर्लोस्करांनी फार पूर्वी दाखविला. बेळगावात १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरू झालेला त्यांचा व्यवसाय अनेक कंपन्यांत विस्तारला, तेव्हा 'किर्लोस्कर' या नावाची मालकी 'किर्लोस्कर प्रोप्रायटरी' या एका स्वतंत्र कंपनीकडे ठेवण्यात आली आणि समूहातील इतर कंपन्यांना वापराचा परवाना दिला गेला. नाव एका ठिकाणी, वापर अनेक ठिकाणी, आणि प्रत्येक वापरामागे लेखी अट. या व्यवस्थेचा उपयोग १९९५ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात दिसला. समूहाबाहेरील काही कंपन्यांनी आपल्या नावात 'किर्लोस्कर' घातले होते. ते आपलेच आडनाव आहे, असा त्यांचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. माणसाला जन्माने आडनाव मिळते. कंपनीचे नाव मात्र कोणीतरी निवडलेले असते, आणि ती निवड निर्मळ हेतूची असावी लागते. अर्थात अशा व्यवस्थेने सगळेच तंटे मिटतात असे नव्हे. २००९ च्या कौटुंबिक करारावरून त्याच घराण्यातील मतभेद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, हेही नमूद करावयास हवे.

आडनावाबाबत दुसरी बाजूही आहे. ३५ वे कलम कोणालाही स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याची मुभा देते. दिल्लीतील एका जवाहिऱ्या कुटुंबातील असाच तंटा २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायालयाने दुसऱ्या शाखेला स्वतःच्या नावाने दागिने विकण्याची मोकळीक दिली. शहा, मेहता, दोशी, ओसवाल अशा आडनावांवर दुकाने चालविणाऱ्यांनी यातून योग्य तो बोध घ्यावा. ज्या आडनावाची हजारो कुटुंबे आहेत ते एकट्याचे होणे दुरापास्त. आडनावासोबत वेगळा शब्द, वेगळे चित्र असेल तर त्या जोडीला संरक्षण मिळणे सोपे जाते.

हीच गोष्ट श्रद्धेने ठेवलेल्या नावांची. महावीर, अरिहंत, नवकार, वर्धमान, पद्मावती ही नावे बाजारपेठेच्या प्रत्येक रस्त्यावर दिसतात. नाव ठेवण्यामागील भावना आदरणीय आहे. परंतु जे नाव सर्वांच्या श्रद्धेचे आहे त्यावर एकाची मक्तेदारी न्यायालये सहसा मान्य करीत नाहीत. उदबत्ती व धूप यांसाठी 'रामायण' हा शब्द नोंदवून घेण्याचा प्रयत्न २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. पवित्र ग्रंथाचे नाव हे कोणा एकाचे व्यापारचिन्ह होऊ शकत नाही, मात्र त्यास पुढे-मागे वेगळेपण देणारा शब्द जोडला तर विचार होऊ शकतो, असा त्या निकालाचा आशय आहे. देवाचे नाव पाटीवर खुशाल ठेवावे. पाकिटावर मात्र स्वतःचा असा शब्द शोधावा. 'शुद्ध', 'उत्तम', 'गावरान' अशा गुणवाचक शब्दांनाही नोंदणीत फारसे स्थान नाही, कारण ते शब्द प्रत्येक दुकानदाराला लागतात.

नोंदणीची रीत फार अवघड राहिलेली नाही. महाराष्ट्र व गोव्यातील अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. सारा माल व सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले, चहा व पीठ ३० व्या वर्गात, लोणची २९ व्या, कापड २४ व्या, तयार कपडे २५ व्या, दागिने १४ व्या आणि दुकानदारीची सेवा ३५ व्या वर्गात येते. ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गामागे व्यक्ती व लघुउद्योग यांना ४,५०० रुपये आणि इतरांना ९,००० रुपये शुल्क पडते. उद्यम प्रमाणपत्राचा उपयोग होतो तो येथे. अर्जापूर्वी तेच किंवा तसेच नाव कोणी नोंदले आहे काय, याचा शोध रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर विनामूल्य घेता येतो. तपासणी अहवाल आल्यावर ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. जर्नलमध्ये प्रसिद्धी झाल्यापासून चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो, आणि हरकतीची प्रत मिळाल्यावर दोन महिन्यांत प्रतिउत्तर दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. बरेच अर्ज बुडतात ते याच मुदतींत. पत्र ज्या ई-मेलवर येते तो सल्लागाराचा किंवा कधीच सोडून गेलेल्या कारकुनाचा असतो. नोंदणी १० वर्षांची असते आणि दर वेळी नूतनीकरण करावे लागते. नोंदणी होईपर्यंत नावापुढे इंग्रजी 'टीएम' लिहिता येते. वर्तुळातील 'आर' मात्र प्रमाणपत्र हाती आल्यावरच. आधीच ते छापणे कायद्याने दंडनीय आहे.

अर्जात एक रकाना साधा दिसतो, पण सर्वाधिक विचार त्याचाच करावयास हवा. तो म्हणजे मालकाचे नाव. बहुतेक घरांत तेथे वडिलांचे व्यक्तिगत नाव असते. अर्ज करतेवेळी तेच गादीवर असतात, सही त्यांची असते, आणि सल्लागारही अधिक चौकशी करीत नाही. पुढे भागीदारी होते, मुले येतात, जाहिरातींवर खर्च पेढीचा होतो. प्रमाणपत्र मात्र एकट्या वडिलांच्या नावे राहते. ते इच्छापत्र न करता निवर्तले तर ती त्यांची व्यक्तिगत मालमत्ता ठरू शकते, आणि हिंदू वारसा कायदा, जो जैनांनाही लागू आहे, पत्नी, मुलगे आणि मुली यांना त्यात समान वाटा देतो. दुकान चालविणाऱ्या दोघा भावांनी नाव आपल्यात ठरवून घेतले, आणि लग्न होऊन सोलापूरला गेलेल्या बहिणीला कोणी विचारलेच नाही, असे होते. ती काही मागत नाही, म्हणून तिचा हक्क नाही असे ठरत नाही. पुढे तिच्या मुलांनी मागितला तर त्यांना लोभी म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? प्रमाणपत्र पेढीच्या नावे असेल तर प्रश्न निराळा होतो. तेव्हा ख्यातीसकट चिन्ह ही पेढीची मालमत्ता. पेढी मोडल्यावर, अन्यथा करार नसेल तर, हिशेब पूर्ण होईपर्यंत कोणताही भागीदार दुसऱ्याला पेढीच्या नावाने तोच धंदा करण्यापासून रोखू शकतो. एकाने ख्याती विकत घेतली, तर इतरांना स्पर्धेचा धंदा करता येतो, पण जुन्या पेढीचे नाव वापरता येत नाही. भागीदारी कायद्याच्या ५३ व ५५ या कलमांत हे १९३२ पासून लिहिलेले आहे.

भावाच्या दुकानाकडे पाहून गप्प बसणे ही दुसरी मोठी जोखीम होय. 'भाऊच आहे, कशाला बोलावयाचे' या वाक्यात माया असते, आणि ती असावीही. परंतु कायदा त्या मौनाचा वेगळा अर्थ लावतो. नंतर नोंदलेल्या चिन्हाचा वापर चालू आहे हे ठाऊक असून पहिला मालक सलग पाच वर्षे स्वस्थ बसला, तर पुढे त्याला त्या नोंदणीस किंवा वापरास सहसा आव्हान देता येत नाही. भावाला नाव द्यावयाचेच असेल तर ते आनंदाने, पण लिहून द्यावे: कोणत्या मालासाठी, कोणत्या दर्जाने, किती काळ, आणि त्याने दुकान दुसऱ्याला विकले तर नावाचे काय. या शेवटच्या प्रश्नाचा विचार फार थोडी कुटुंबे करतात. भावाला मायेने दिलेले नाव भावाकडून त्रयस्थाकडे गेले, म्हणजे त्या पाकिटातील भेसळीचा जाब मूळ दुकानाला विचारला जातो.

एवढे सारे ऐकल्यावर एखादे ज्येष्ठ श्रावक विचारतील की अपरिग्रह मानणाऱ्यांनी नावावर मालकी सांगत कोर्टाची पायरी चढावी काय. प्रश्न टाळण्याजोगा नाही. नावाचा अभिमान हा परिग्रहच, आणि केवळ अहंकारापोटी भावाला पाटी उतरावयास लावणारेही आढळतात. तथापि तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापांच्या जोडीला 'प्रतिरूपक व्यवहार' आहे. म्हणजे अस्सलाच्या जागी तसाच दिसणारा माल खपविणे. ट्रेडमार्कचा कायदा ज्याचे रक्षण करतो तो केवळ मालक नव्हे. डोळ्यांनी वाचता न येणारी, रंग आणि चित्र ओळखून हळदीचे पाकीट घेणारी गिऱ्हाईक बाई, तिची फसगत होऊ नये हाही त्याचा हेतू आहे. व्रताच्या दृष्टीने पाहिले तर दुसऱ्याच्या छापाची नक्कल करणारा जितका दोषी, तितकाच आपला छाप ढिलाईने कोणालाही वापरू देणारा विचारात पडावा.

आता जुन्या कागदांविषयी. भारतात नोंदणीपेक्षाही आधीच्या वापराला मोठे स्थान आहे. तमिळनाडूतील तिरुनेलवेली येथे 'इरुट्टुकडै', म्हणजे अंधारे दुकान, या नावाने प्रसिद्ध असलेल्या हलव्याच्या दुकानाचा तंटा २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा प्रतिपक्षाकडे नोंदणी असूनही आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क वरचढ ठरला. पुण्यातील 'बर्गर किंग' या स्थानिक उपाहारगृहाविरुद्ध त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने लावलेला दावा पुणे न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळला. अमेरिकी कंपनीचे भारतातील पहिले दुकान २०१४ चे, तर पुणेकरांचा वापर त्याच्या कितीतरी आधीचा. ते प्रकरण पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. पण एका दुकानाच्या जुन्या वापराला किती वजन येऊ शकते ते त्यातून दिसते.

मात्र वापर आधीचा होता असे नुसते म्हणून भागत नाही. अर्जात अमुक वर्षापासून वापर आहे असे लिहिले, तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. पुरावा म्हणजे काय? जुनी बिलबुके, छापखान्याची पाकिटे छापल्याची बिले, विक्रीकराची कागदपत्रे, जकातीच्या पावत्या, जत्रेच्या स्मरणिकेत दिलेली जाहिरात, पर्युषणातील कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छापलेले दुकानाचे नाव. ज्या घरांत शंभर वर्षांच्या वह्या कापडात बांधून ठेवण्याची रीत होती, त्याच घरांत आता दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याकडे जातात, कारण प्राप्तिकर खात्याची मुदत संपलेली असते. वीस-तीस रुपयांच्या रद्दीबरोबर नावाचा जन्मदाखला निघून जातो.

तेव्हा वहीपूजनाच्या आधी माळ्यावरील गाठोडी एकदा सोडून पाहावीत. नाव छापलेला सर्वांत जुना कागद वेगळा काढून त्याची छायाप्रत करावी आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, तिजोरीत ठेवावा. वाटणीपत्र अजून व्हावयाचे असेल तर त्यात नावासाठी स्वतंत्र परिच्छेद असावा: चिन्ह कोणाचे, नोंदणी क्रमांक कोणता, इतरांनी कोणते नाव केव्हापासून वापरावयाचे, नाव सोडणाऱ्याला किती रक्कम मिळाली, बहिणींची संमती आहे की नाही, नूतनीकरण कोणी करावयाचे. वाटणीनंतर मालकी बदलल्याची नोंद रजिस्ट्रीत करून घ्यावी; घरातील सह्यांनी तेथील नोंद आपोआप बदलत नाही. आणि छापखान्याचे ते पहिले बिल कोणत्या भावाच्या तिजोरीत राहील, तेही त्याच कागदात लिहावे.